हेर टीमान नक्की काय म्हणाले

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘आंतरराष्ट्रीय दिग्दर्शकासोबतचे समृद्ध अनुभव’ या विषयावर लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी आईला फोन केला. म्हणून हा लेख. अनुभव समृद्ध होते की नाही ते मला सांगता येणार नाही. पण दहा आठवडे मी दोन सभ्य माणसांना एकमेकांबद्दल धडधडीत खोटं सांगत होते, आणि ते कधीतरी कबूल करायचंच होतं.

आधी कामाविषयी. मी स्टेज मॅनेजर आहे. आई नातेवाइकांना “इव्हेंट्समध्ये आहे” असं सांगते, कारण “नाटकात आहे” म्हटलं की लगेच “कुठल्या भूमिकेत?” असं विचारतात. मी कुठल्याच भूमिकेत नसते. विंगेतल्या एका टेबलाशी, कानाला हेडसेट लावून, संहितेची जाड फाइल उघडून बसलेली असते. फाइलमध्ये वाक्यावाक्याशेजारी पेन्सिलने खुणा: इथे दिवा मंद, इथे फोन वाजतो, इथे पडदा. ती जागा आली की मी हेडसेटमध्ये “गो” म्हणते आणि वर केबिनमध्ये बसलेला माणूस बटण दाबतो. प्रयोगभर माझ्या तोंडून निघणारा महत्त्वाचा शब्द एवढाच. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मला हे काम बरं पडतं.

जर्मन मला येतं ते सिंगापूरमधल्या बिशानमुळे. आम्ही तिथे राहायचो आणि शाळेतल्या मुलांना तिसरी भाषा शिकवणारं केंद्र आमच्या ब्लॉकपासून चालत दहा मिनिटांवर होतं. फ्रेंचचा वर्ग आईच्या योगाच्या वेळेला यायचा, जर्मनचा यायचा नाही. माझं भाषेचं भवितव्य असं ठरलं.

आता हेर टीमान. सेरंगूनच्या सलीलदादाची बायको आन्या जर्मन आहे. तिचे वडील नातीला बघायला तीन महिन्यांसाठी इथे आले होते. नेमकं तेव्हाच मंडळाच्या नाटकाचे दिग्दर्शक वैद्यकाका यांना कंपनीने पुण्याला परत पाठवलं. कमिटीच्या मीटिंगमध्ये सलीलदादा सहज बोलून गेला, की माझे सासरे सत्तावीस वर्षं जर्मनीत एका थिएटरचे प्रमुख होते. राजवाडेकाका खुर्चीतून अर्धे उठले. राजवाडेकाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत जोखीम विभागाचे प्रमुख, आणि आमच्या नाटकाचे नायक. दुसऱ्या दिवशी ‘जर्मन दिग्दर्शक’ असं लिहिलेलं पोस्टर तयार झालं. टीमानना तिसऱ्या दिवशी विचारलं.

“हेर म्हणजे? गुप्तहेर?” आईने विचारलं.

“हेर म्हणजे श्रीयुत, आई. तशी मी फ्राउ केळकर.”

“मग बरं.”

टीमान उंच, किंचित वाकलेले, आणि सिंगापूरच्या उकाड्यातही गळ्यापर्यंत बंद काळा स्वेटर घालणारे. रस्त्यावर लोक त्यांच्याकडे काळजीने बघायचे. पण कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये, जिथे आमच्या तालमी व्हायच्या, तिथल्या एसीत आम्ही सगळे कुडकुडत असताना ते एकटेच आरामात असायचे. आपल्या गावाचं नाव ते सांगायचे नाहीत. म्हणायचे, “सांगून उपयोग नाही. जर्मन लोकांनासुद्धा ते फक्त गाडी बदलण्यापुरतं माहीत आहे.”

तिकडे अशा मध्यम गावांतून नगरपालिका थिएटर चालवते. इमारत गावाची, नट-नट्या महिन्याच्या पगारावर, सुतार आणि शिंपी पगारावर, आणि या सगळ्यांवर एक प्रमुख. नाटकं कुठली करायची, कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, हे तो ठरवतो आणि वर स्वतःही दिग्दर्शन करतो. हे मी आईला समजावलं.

“म्हणजे नगरपालिकेचा माणूस,” आई म्हणाली.

मी ते टीमानना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. “बरोबर. एका मजल्यावर पाणीपुरवठा, एका मजल्यावर मी. फक्त पाण्याबद्दल लोक पत्रं लिहायचे नाहीत.”

दर रविवारी तालीम दोन वाजता असायची. पावणेदोनला मी यायचे, कारण खोली उघडून जमिनीवर रंगीत टेप लावायची असते: ही भिंत, हे दार, हा सोफा. पावणेदोनलाच टीमान यायचे. बाकीची मंडळी दोन-चाळीसला, डबे घेऊन. पहिल्या रविवारी दोन वाजून पाच मिनिटांनी त्यांनी मला हळूच विचारलं होतं, “कुणी वारलं का?” तर अशी दर रविवारची चाळीस मिनिटं. त्यांचं सगळं आयुष्य मला मराठी माणसांच्या उशिरामुळे कळलं.

उदाहरणार्थ, गुरुवारच्या बायका. तिकडे लोक वर्षभराच्या नाटकांची तिकिटं एकदम घेतात, ठरलेला वार आणि ठरलेली खुर्ची. टीमानच्या थिएटरात गुरुवारी सगळ्या सत्तरीपुढच्या बायका यायच्या. कोण कुठल्या प्रसंगाला खोकणार हे त्यांना पाठ होतं. एकदा तरुणपणाच्या जोशात त्यांनी एका जुन्या शोकांतिकेत राजाला शेवटच्या अंकात पूर्ण नागडा उभा केला. गावात खळबळ माजणार, वर्तमानपत्रांत आपलं नाव येणार, अशी त्यांची खात्री होती. राजा दोन गुरुवार नागडा उभा राहिला. तिसऱ्या गुरुवारी स्टेजच्या मागच्या दाराशी एक पुडकं आलं. आत विणलेला स्वेटर. सोबत चिठ्ठी: ‘त्या बिचाऱ्याला सर्दी होईल. माप अंदाजाने घेतलं आहे.’

“बसला?” मी विचारलं.

“अगदी नेमका. म्हणजे त्या बघत होत्या.”

किंवा लहान मुलांचं नाटक. नाताळच्या आधी महिनाभर, रोज सकाळी नऊ वाजता, शाळेच्या बस भरून मुलं यायची. टीमान म्हणायचे, माझी सगळी महान नाटकं त्या मुलांच्या नाटकातल्या लांडग्याने पोसली. लांडग्याचं काम करणाऱ्या नटाला मुलं आवडायची नाहीत. एका सकाळी त्याने चिडून, मुखवट्यातूनच, पहिल्या रांगेतल्या एका पोराला संहितेत नसलेलं काहीतरी ऐकवलं. पोरगं रडलं नाही. उभं राहून शांतपणे म्हणालं, “माझे बाबा नगरपालिकेत आहेत.” संध्याकाळपर्यंत लांडग्याने लेखी माफी मागितली होती.

हे सांगताना ते गोड हसायचे. मग दोन-चाळीस व्हायचे, राजवाडेकाका चिवड्याचा डबा घेऊन आत शिरायचे, आणि माझं दुसरं काम सुरू व्हायचं.

नाटक आमच्याच एका सभासदाने लिहिलेलं. सत्तरीचा बाप एक दिवस जाहीर करतो की त्याला लग्न करायचंय. बाप राजवाडेकाका, त्याची होणारी बायको सुमेधामावशी, आणि संतापलेली मुलगी प्रज्ञा वानखेडे. सुमेधामावशी पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहत होती. प्रज्ञा इथल्या विद्यापीठात बॅटऱ्यांवर संशोधन करते, तिचा राग खरा वाटायचा.

पहिल्या वाचनानंतर टीमान माझ्याकडे वळून म्हणाले, “या गृहस्थांना सांगा, ते प्रेमाची कबुली देत नाहीयेत. ते लिफ्टच्या देखभालीची नोटीस वाचतायत.”

सगळे माझ्याकडे बघत होते. “काय म्हणतोय तो?” राजवाडेकाकांनी विचारलं.

“म्हणतायत, थोडं अजून मनापासून.”

“अच्छा! त्याला सांग, मला कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस आहे. हे मी मुद्दाम दाबून केलंय. म्हणावं, जर्मनांना कळायचं नाही ते.”

मी टीमानना म्हटलं, “ते प्रयत्न करतील.”

टीमाननी मान डोलावली. “विनम्र माणूस आहे.”

इथून सुरुवात झाली. मला कुणाला फसवायचं नव्हतं. पण वाक्य कानातून आत येऊन तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याची टोकं आपोआप घासली जायची. टीमान म्हणायचे, “ही बाई सोफ्यावर बसत नाही, सोफ्यावर टाकली जाते. बटाट्याच्या पोत्यासारखी.” मी म्हणायचे, “मावशी, बसताना जरा सावकाश.” मावशी म्हणायची, “त्यांना विचार, गुडघे कुणाचे आहेत, माझे की त्यांचे?” मी म्हणायचे, “त्या आभारी आहेत.” सहा आठवड्यांत परिस्थिती अशी झाली की राजवाडेकाकांच्या मते हा जर्मन आपल्या अभिनयावर लुब्ध होता, आणि टीमानच्या मते राजवाडे हे त्यांनी आयुष्यात पाहिलेले शिकायची सर्वांत जास्त तयारी असलेले नट होते. दोघं एकमेकांच्या पाठीवर थोपटायचे. चिवडा तर टीमान आता मागून घ्यायचे.

सातव्या रविवारी प्रज्ञाने मला पँट्रीत गाठलं. चहाचे कप विसळत, वर न बघता ती म्हणाली, “ऋता, ‘कार्टोफेलझाक’ म्हणजे बटाट्याचं पोतं ना गं?”

मी फडक्याने ओटा पुसायला लागले.

“मी पोस्ट-डॉकला दोन वर्षं जर्मनीत होते. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.”

“पहिल्या दिवसापासून कळतंय तुला?”

“सगळं नाही. शिव्या कळतात. लॅबमध्ये तेवढंच शिकवलं.” तिने कप उपडा ठेवला. “चालू दे. छान चाललंय. फक्त माझ्याबद्दल काय म्हणतो ते मला खरं सांगत जा.”

“तुझ्याबद्दल वाईट बोलत नाहीत ते.”

“हेसुद्धा भाषांतरच का?”

ते खरं होतं, पण तिला पटलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहितेय ती. आठव्या रविवारी पाऊस होता आणि मंडळी तीन वाजले तरी आली नव्हती. मी सहज विचारलं की तुमच्या थिएटरातलं तुमचं शेवटचं नाटक कुठलं. टीमाननी आधी दाराकडे पाहिलं, मग सांगितलं.

त्यांच्या थिएटरात तीन घंटा व्हायच्या. तिसरीला दारं बंद, मग कुणीही असो. निवृत्तीच्या आधीचा त्यांचा शेवटचा प्रीमियर, म्हणजे पहिला प्रयोग, होता. महापौरांना उशीर होणार होता. नगरपालिकेच्या सांस्कृतिक समितीचा अध्यक्ष विंगेत येऊन म्हणाला, थांबा. टीमान म्हणाले, थांबलात तर मी घरी जातो. तो थांबला. टीमान घरी गेले.

“मी कोटसुद्धा काढला नाही,” ते म्हणाले. “स्वयंपाकघरात फोनसमोर बसलो. वाटलं, दहा मिनिटांत कुणीतरी बोलवायला येईल. सत्तावीस वर्षं, फ्राउ केळकर. पडदा पडला असेल त्या वेळेपर्यंत बसलो. मग कोट काढला.”

“आणि नाटक?”

“उत्तम झालं म्हणे. तेच तर वाईट.”

त्यांनी गुडघ्यावर हात आपटले. “हे तुमचं लग्नाळू म्हाताऱ्याचं नाटक भयंकर आहे. पण याचा शेवट मी बघणार आहे. खुर्चीत बसून. चार म्हणजे चार वाजता सुरू करायचं, एवढीच माझी अट. समितीला सांगितलंत ना?”

“हो,” मी म्हटलं.

नव्हतं सांगितलं. कारण मला समितीचा कार्यक्रम माहीत होता: आधी प्रमुख पाहुण्यांचं आगमन, मग दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचे दोन शब्द, मग नाटक. आपल्याकडेही तिसरी घंटा असते, फक्त ती पाहुणे बसले की होते. हे मी टीमाननाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, पाहुणे वेळेवर येतील आणि बाकीचं मी कसंतरी घासून गुळगुळीत करीन. माझ्या धंद्यात याला चूक म्हणतात. स्टेज मॅनेजरने दोन्ही बाजूंना एकच वेळापत्रक द्यायचं असतं. हे पहिल्या वर्षात शिकवतात.

प्रयोगाच्या रविवारी पावणेचारला पहिली घंटा दिली. चारला सात मिनिटं असताना दुसरी. चारच्या ठोक्याला राजवाडेकाका टेबलाशी आले. केसांना पांढरी पावडर, अर्ध्या चेहऱ्याला मेकअप.

“ऋता, थांब. पाहुणे एक्स्प्रेसवेवर अडकलेत. वीस मिनिटं धर.”

मी काही बोलायच्या आत प्रेक्षागृहाकडच्या दारातून टीमान आले. खांद्याला त्यांची चामड्याची बॅग.

“फ्राउ केळकर, चार वाजून एक मिनिट. आणि बाहेर दोन माणसं एक मोठा पितळी दिवा आणून ठेवतायत. तो माझ्या नाटकात नाही.”

“काय म्हणतोय?” काका म्हणाले. “समईचं का? सांग त्याला, बॅटरीची आहे, हॉलवाले ज्योत लावू देत नाहीत. आणि सांग, पाहुणे आले की दीपप्रज्वलन, सत्कार, दोन शब्द, की लगेच सुरू.”

मी जर्मनमध्ये म्हटलं, “छोटी तांत्रिक अडचण आहे.”

“तांत्रिक अडचणीला शाल कशाला लागते? ती बाहेर ताटात ठेवली आहे.” त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. “कुणाची तरी वाट बघताय. त्यांना सांगा, थांबलात तर मी घरी जातो.”

मी तोंड उघडलं. पहिल्यांदाच काही बाहेर येईना. प्रज्ञा मेकअप रूमच्या दारात उभी होती, नाटकातली साडी नेसून. तिला ते वाक्य कळलं होतं.

“ऋता,” ती म्हणाली, “आता खरं सांग.”

मी राजवाडेकाकांना सांगितलं. सगळं, मराठीत, बहुधा एका दमात. की यांच्या शेवटच्या प्रयोगाला असंच झालं होतं, आणि हे असेच निघून गेले होते, आणि सत्तावीस वर्षं काम केलेल्या जागेतून कुणी यांना परत बोलवायला गेलं नाही. आणि हे नाटक त्यांना शेवटपर्यंत बघायचंय. आणि वेळेची अट मी तुम्हाला सांगितलीच नव्हती. “आज ते गेले, तर आपल्यातलंही कुणी जाणार नाही बोलवायला, काका. सगळे मेकअपमध्ये आहेत.”

राजवाडेकाका माझ्याकडे बघत राहिले. मग बॅगेकडे.

“मग हे आधी नाही का सांगायचं, बावळट!” असं म्हणून त्यांनी पुढे होऊन टीमानच्या खांद्यावरचा बॅगेचा पट्टा धरला. “द्या ती इकडे. साहेब, असं नाही जायचं. अजिबात नाही. द्या.”

जेवल्याशिवाय निघालेल्या पाहुण्याच्या हातातून बॅग ओढून घेणं हे आपल्याकडे इतकं साधं आहे, की ते जर्मनमध्ये कसं सांगायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. टीमाननी दोन्ही हातांनी बॅग धरली. सत्तावीस वर्षं थिएटर चालवलेला माणूस आणि बँकेचा जोखीम प्रमुख विंगेत बॅगेची रस्सीखेच करत होते. “हा माणूस लुटतोय का मला?” टीमाननी विचारलं. आत त्यांचा पासपोर्ट, ब्लड प्रेशरच्या गोळ्या आणि वाचायचा चष्मा होता. काका जिंकले, कारण त्यांना सराव होता. बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवून ते तरातरा आपल्या एंट्रीच्या जागेकडे गेले. जाता जाता मागे न बघता ओरडले, “दे घंटा! पाहुण्यांचं मध्यंतरात बघू!”

मी हेडसेट ओठांजवळ घेतला. मग टीमानकडे वळून म्हटलं, “तुमची खुर्ची एफ बारा आहे. मी दिवे घालवतेय.”

“असं राजवाडे म्हणाले?”

“नाही. हे मी म्हणतेय.”

प्रयोग सुरू झाला की दिग्दर्शकालाही स्टेज मॅनेजरचं ऐकावं लागतं. हे तिकडेही असंच आहे. ते दोन क्षण उभे राहिले आणि गेले. मी तिसरी घंटा दिली. चार वाजून आठ मिनिटं. “पडदा, गो.”

पहिला प्रवेश: बाप सकाळी फिरून घरी येतो. राजवाडेकाका आले. खांद्याला जर्मन चामड्याची बॅग. उजेडात आल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. मी फाइलकडे बघत राहिले, जणू तिथे यावर काही लिहिलेलं असेल. काकांनी बॅगेकडे पाहिलं. मग अगदी सावकाश खांद्यावरून काढली, भिंतीवर टोपीसाठी ठोकलेल्या खुंटीला अडकवली, तिच्यावर एकदा हात फिरवला, आणि मुलीला पहिलं वाक्य म्हणाले. लिफ्टची नोटीस नव्हती. प्रेक्षकांना वाटलं, बॅगेत काहीतरी आहे. ते पूर्ण अंकभर तिकडे बघत होते. एफ बारा तर बघत होतेच.

पाहुणे पंचवीस मिनिटांनी आले आणि मोबाइलच्या उजेडात बसले. मध्यंतरात बॅटरीची समई लागली, शाल झाली, श्रीफळ झालं, आणि त्यांचे दोन शब्द बावीस मिनिटं चालले. काकांनी दरम्यान बॅग टीमानना अदबीने परत केली.

शेवटच्या अंकाला मी दिवे कमी करायला सांगितले तोच हेडसेटमध्ये बाहेर दारावर असलेल्या सलीलदादाचा आवाज आला. “ऋता, पप्पा सीटवर नाहीत. बॅगही नाही.”

माझ्या कामात एक गोष्ट निर्दय आहे. कुणीही गेलं तरी पुढचा शब्द “गो”च असतो. मी “गो” म्हटलं. मग हेडसेटमध्ये पुटपुटले, “टॅक्सी स्टँड बघ. एमआरटी स्टेशनकडे बघ. प्लीज, दादा.”

“प्रयोग चालू असताना,” मागून कुणीतरी जर्मनमध्ये कुजबुजलं, “स्टेज मॅनेजर गप्पा मारत नाही.”

टीमान माझ्या मागे सामानाच्या पेटीवर बसले होते. मांडीवर बॅग, हातात कागदी बशीत दोन बटाटेवडे. “एफ बारामधून पाहुणे दिसतात,” ते म्हणाले. “इथून नाही दिसत.”

तिथून त्यांनी शेवट बघितला. सुमेधामावशी दोन पानं गाळून पुढे गेली, मी फाइलची पानं भराभर उलटली, मागून वडा चावायचा आवाज थांबला. प्रज्ञाने तिला सांभाळून घेतलं. पडदा पडला तेव्हा मी वळून बघितलं नाही. मी बघितलेलं त्यांना आवडलं नसतं.

मग काकांनी त्यांना हाताला धरून स्टेजवर नेलं, शाल घातली, नारळ दिला आणि माइक. मलाही ओढून शेजारी उभं केलं. माझ्यासाठी हे फार वाईट होतं, त्याविषयी अधिक लिहीत नाही. टीमान बोलले. आणि मी ठरवून, दहा आठवड्यांत प्रथमच, एकही टोक न घासता, सगळं मराठीत सांगितलं.

“इतक्या उशिरा येणारी नटमंडळी मी आयुष्यात पाहिली नाहीत,” मी म्हटलं. हशा. “श्री. राजवाडे पहिल्या दिवशी लिफ्टच्या देखभालीची नोटीस वाचत होते.” मोठा हशा. “सुमेधाबाईंनी आज दोन पानं गाळली. ती पानं नाटकात नसती तरी चाललं असतं, हे मला आज कळलं.” लेखक सोडून सगळे हसले. “प्रमुख पाहुण्यांचा आवाज आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला आहे, पण त्यांना शेवट सापडत नाही.” पाहुणेच सर्वांत जोरात हसले. “माझ्या मागच्या नाटकाचा शेवट मी बघितला नव्हता. या नाटकाचा बघितला.” लोक हसायच्याच मूडमध्ये होते, त्यालाही हसले.

राजवाडेकाका हसले नाहीत. टाळ्या चालू असताना ते माझ्या कानाशी आले.

“शेवटचं त्याचं होतं ना?”

“सगळंच त्यांचं होतं, काका.”

“लिफ्टचंसुद्धा?”

“हो.”

त्यांनी कपाळ पुसलं. पावडर घामाने कानशिलांवर उतरली होती. “त्याला सांग,” ते म्हणाले, “पहिल्या वाचनाला मी चष्मा विसरलो होतो.”

मी जसंच्या तसं सांगितलं. टीमाननी गंभीरपणे विचार केला. “त्यांना सांगा, चष्म्याने काही फरक पडला नसता. पण आज त्यांनी बॅग खुंटीला अडकवली, तशी मी सत्तावीस वर्षांत एकाही नटाकडून अडकवून घेऊ शकलो नाही.”

मी दोन्ही वाक्यं सांगितली. पहिलं जरा मोठ्यानेच.

राजवाडेकाका उजळले. पडद्यामागे वळून प्रज्ञाला हाक मारत म्हणाले, “ऐकलंस का गं? सत्तावीस वर्षांत एकाला जमलं नाही!” मग त्यांनी टीमानच्या पाठीवर थाप मारली, आणि पहिलं वाक्य मी बोललेच नव्हते अशा थाटात दोघं भजी संपायच्या आत खायला निघून गेले.